टीव्हीकडे पाठ करून बस

परवा तू फोनवर विचारलंस, "मावशी, हिला कार्टून नक्की कुठलं लावू गं? जो तो वेगळंच सांगतो." आणि मी तोंड उघडायच्या आत तुझी ऑफिसची मीटिंग सुरू झाली. म्हणून आता निवांत बसून लिहून देते. बालवाडीत पोरांची नाकं पुसण्यात माझा जन्म गेला, तेव्हा ह्या विषयात चार शब्द बोलायचा हक्क मला आहे. वाचून झालं की जावईबापूंनाही दे. रात्री नऊनंतर तिच्या हातात मोबाईल कोण ठेवतं, ते मला ठाऊक आहे.

तुझ्या कानावर येतात ती मतं माझ्याही कानावर येतात. येरवड्याच्या गुंजन चौकात रिक्षाची वाट बघताना, राजीव गांधी हॉस्पिटलात डोसाच्या रांगेत, शाळा सुटायच्या वेळी फाटकाशी, आयांचं बोलणं फिरून फिरून तिथंच येतं. एक म्हणते, छोटा भीम बघून आमचा येताजाता बुक्के मारतो. दुसरी म्हणते, पेपा पिग लावल्यापासून आमची फाडफाड इंग्रजी बोलते. तिसरीचं पोरगं शिनचॅन बघून उलट उत्तरं देतं. आणि कट्ट्यावरचे आजोबा सगळ्यांवर कडी करतात, "बंद करा हे सगळं, आमच्या वेळी कुठं होतं?" खोटं कुणीच बोलत नाही. पण हे मत म्हणजे दुसऱ्याच्या बाळाच्या मापानं शिवलेलं झबलं. तुझ्या लेकीला बसेलच असं नाही.

आईबापांचं मत बनतं कशावरून, ते आधी सांगते. पोर टीव्हीसमोर बसल्यावर माझे हात किती वेळ मोकळे राहिले, आणि त्या आवाजानं माझं डोकं किती उठलं, ह्या दोनच गोष्टींवरून बहुतेक वेळा निकाल लागतो. कुकरच्या शिट्या, पोळ्या आणि दुसऱ्या दिवशीचा डबा एवढं उरकलं की कार्टून "छान आहे, एज्युकेशनल आहे". आवाज किरटा असला की ते "फालतू". तुझ्या पोळ्या झाल्या ह्याचा मला आनंदच आहे. फक्त तो हिशेब वेगळा आणि पोरीचा वेगळा.

कॅनडात कायू नावाचं एक कार्टून निघालं. चार वर्षांचा टकल्या मुलगा, सारखा किरकिरणारा. इंग्रजी बोलणाऱ्या देशांतल्या आईबापांचा ह्या पोरावर इतका राग की काही घरांत त्याचं नाव काढायची सोय नाही. ह्याचं बघून आमची रडकी झाली म्हणतात. आता पुढचं ऐक. 2011 साली अमेरिकेत अँजेलिन लिलार्ड आणि जेनिफर पीटरसन ह्या दोघी संशोधकांनी चार वर्षांची 60 मुलं घेतली आणि त्यांचे तीन गट केले. एका गटाला नऊ मिनिटं स्पंजबॉब दाखवलं, धावतं, उड्या मारतं. दुसऱ्याला हेच कायू. तिसऱ्याला कागद आणि रंग दिले. लगेच नंतर सगळ्यांना छोटी कामं दिली: सांगितलेलं लक्षात ठेवायचं, सांगितल्याच्या उलट करायचं, समोर खाऊ असताना हात आवरून बसायचं. स्पंजबॉबवाल्या गटाचं ह्यात स्पष्ट वाईट झालं. कायूवाले मात्र चित्रं काढणाऱ्यांच्या बरोबरीनं राहिले. म्हणजे ज्याच्यावर आईबाप दातओठ खातात, त्यानं काही बिघडवलं नाही. नऊ मिनिटं आणि 60 मुलं एवढ्यावरून स्पंजबॉबला फाशी द्यायचं कारण नाही, तो परिणाम पुढे किती टिकतो हेही त्यात मोजलं नव्हतं. पण आपल्या डोक्याला झालेला ताप आणि पोराच्या डोक्याला झालेला ताप एकाच पट्टीनं मोजू नये, एवढं त्यातून घे.

मग मोजायचं कसं? टीव्हीकडे पाठ करून बस.

खरंच सांगते. कार्टून लाव, तिला दिवाणावर बसव, आणि तू टीव्हीच्या बाजूला खाली बैठक मार, तोंड तिच्याकडे. हातात मेथी निवडायला घे म्हणजे तिलाही वेगळं वाटणार नाही. ही युक्ती माझी नाही. 1969 साली अमेरिकेत 'सेसमी स्ट्रीट' सुरू झालं, ज्याचा आपल्याकडचा अवतार 2006 मध्ये 'गली गली सिम सिम' म्हणून आला. ती शाळेच्या गणवेशातली चमकी, तो भलामोठा सिंह बूंबा, आठवत असतील तुला. मूळ कार्यक्रम करणाऱ्यांत एडवर्ड पामर नावाचे संशोधक होते. ते लहान मुलांना टीव्हीसमोर बसवत आणि टीव्हीच्या शेजारी दुसऱ्या पडद्यावर रंगीत चित्रं लावत, दर सात-आठ सेकंदांनी बदलणारी. कार्यक्रमाच्या कुठल्या क्षणी मुलाची नजर टीव्हीवरून त्या चित्रांकडे जाते, एवढंच टिपायचं. जिथं नजर सुटली तिथं कार्यक्रम कच्चा. मोठ्यांना काय आवडलं, हा प्रश्नच नाही. मुलांची नजर बघून कार्यक्रम घडवायचा, हा पाया तिथं घातला गेला.

मात्र ह्यात एक मेख आहे. नजर खिळली म्हणजे डोक्यात शिरलं असं नव्हे. दिवाळीतल्या भुईचक्रावरही नजर खिळते. म्हणून तू डोळ्यांपाशी थांबू नकोस, बाकीचं बघ. ओठ हलतात का? पात्रानं विचारलेल्याचं उत्तर ती देते का, निदान मनातल्या मनात? गंमत व्हायच्या आधीच हसू येतं का, म्हणजे पुढचं तिला कळलेलं असतं? आणि सगळ्यात मोठी खूण म्हणजे मध्येच मान वळवून ती तुझ्याकडे बघते का. "आई, बघ ना!" असं म्हणणारं पोर कार्यक्रमाच्या बाहेरही आहे आणि आतही आहे. उलट तोंड उघडं, हात लुळे, दोनदा हाक मारली तरी पापणी हलत नाही, असं दिसलं तर ते कार्टून कितीही ए-बी-सी-डी शिकवत असलं तरी बाजूला ठेव.

वेगाची परीक्षा त्याहून सोपी. पडद्यावरचं चित्र बदललं की मनात एक, दोन, तीन म्हण. तीन म्हणायच्या आत सारखं नवं चित्र येत असेल तर ते लहानग्यांचं नाही. हे माझं घरगुती माप आहे, शास्त्राचं नाही. पण ते मला पुरलं.

दुसरी गोष्ट थांबण्याची. चांगलं कार्टून प्रश्न विचारून गप्प बसतं. 1996 साली आलेल्या 'ब्लूज क्लूज'मध्ये माणूस प्रश्न विचारून चक्क पडद्यातून मुलांकडे बघत थांबायचा, मोठ्या माणसाला अवघडल्यासारखं होईल इतका वेळ. पुढे 2000 मध्ये डोरा आली, तिनंही तेच केलं. मोठ्यांना हे भंपक वाटतं. चार वर्षांच्या पोराला तेवढा वेळ लागतो, उत्तर जिभेवर यायला. बालवाडीतल्या नव्या ताईला मी हेच सांगायचे, प्रश्न विचारलास ना, मग आता तोंड मिट. त्या 'ब्लूज क्लूज'वाल्यांनी आणखी एक शहाणपणा केला. सोमवार ते शुक्रवार रोज तोच भाग दाखवायचा. पहिल्या दिवशी पोरं नुसती बघतात, शुक्रवारी ओरडून उत्तरं देतात. तेव्हा ती तोच भाग पुन्हा मागते म्हणून कुरकुरू नकोस. तूही काऊचिऊची गोष्ट रोज मागायचीस, आणि माझ्याकडून एक शब्द इकडचा तिकडे झाला की रडायचीस. नवीन नवीन भाग तर मोठ्यांना हवे असतात.

वयाचं थोडक्यात. तुझ्या नणंदेचं बाळ दीड वर्षाचं आहे, तिला सांग, दोन वर्षांपर्यंत काही लावायचं नाही. गावच्या आजीआजोबांशी व्हिडिओ कॉल तेवढा चालेल. दोन ते पाच ह्या वयात दिवसाला जास्तीत जास्त एक तास, आणि कमी झाला तर उत्तम. हे आपल्या भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचं सांगणं आहे, जागतिक आरोग्य संघटनाही 2019 पासून साधारण तेच सांगते. तान्ह्या पोरांना हुशार करणाऱ्या सीडी विकून झाल्या जगात. 'बेबी आइन्स्टाइन' म्हणे. शेवटी 2009 साली त्या विकणाऱ्या डिस्नेला आईबापांचे पैसे परत द्यायची तयारी दाखवावी लागली. तेवढ्या लहान वयात समोरचं माणूस जे शिकवतं ते पडदा शिकवू शकत नाही.

आता आपल्या मातीतलं. सगळं परदेशातूनच आलं असं समजू नकोस. 1974 साली फिल्म्स डिव्हिजननं सात मिनिटांची 'एक अनेक और एकता' ही कार्टून फिल्म काढली. तू यूट्यूबवर पाहिली असशील. ती करणाऱ्या विजया मुळे. मुलं ताईला विचारतात, एक म्हणजे काय, अनेक म्हणजे काय, आणि ताई आकाशातलं, बागेतलं दाखवत दाखवत शेवटी जाळ्यात सापडलेल्या पाखरांच्या गोष्टीवर येते. परवा पुन्हा पाहिली तेव्हा मी घड्याळ लावून नव्हे, पण नीट निरखून पाहिली. चित्रं साधी, वेग संथ. मूल विचारतं, मोठं माणूस सांगतं, मूल पुन्हा विचारतं. आजच्या चकचकीत कार्टूनांतली निम्मी ह्या सात मिनिटांपुढे उभी राहायची नाहीत. आपल्याच पुण्यात सेनापती बापट रस्त्यावर 1984 मध्ये बालचित्रवाणी सुरू झाली, मुलांसाठी मराठीत शैक्षणिक कार्यक्रम करायला. तुमच्या पिढीनं ते दूरदर्शनवर पाहिले. 2017 मध्ये ती बंद पडली. तेव्हा मराठी आईबापांचं मत कुणी विचारलं असतं तर बरं झालं असतं, असं मला अजून वाटतं. असो.

आणि मीना. ही मात्र लक्षात ठेव, दोन-तीन वर्षांनी लाव. युनिसेफनं नव्वदच्या दशकात दक्षिण आशियातल्या मुलींसाठी केलेली ही मालिका, आणि तिची चित्रं चालती केली आपल्या मुंबईच्या राम मोहन ह्यांनी. मीना, तिचा भाऊ राजू, मिठू नावाचा पोपट. एका भागात आंब्याची वाटणी होते, मोठा वाटा राजूला. मग दोघं एक दिवस कामांची अदलाबदल करतात, आणि बहीण दिवसभर काय काय ओढते ते राजूला कळतं. दुसऱ्या भागात मीनाला शाळेत पाठवत नाहीत, तर पोपट शाळेच्या खिडकीतून ऐकून येतो आणि तिला आकडे शिकवतो. तिला मोजता येतं म्हणूनच कोंबडी चोरीला गेल्याचं घरात कळतं. आपल्याकडच्या शाळांत मीना-राजू मंच निघाले ते ह्यांच्याच नावानं. ह्या मालिकेबद्दल आईबापांचं मत विचारायची एक खोच आहे. तोंडानं सगळेच "छान" म्हणतात. मी त्या रात्रीचं ताट बघते. अंडं कुणाच्या ताटात पडलं, मुलाच्या की मुलीच्या?

मुंबईचे राम मोहन आणि पुण्याची बालचित्रवाणी सांगितली म्हणून तू पेपाला हाकलून दे असं माझं म्हणणं नाही. पाच-पाच मिनिटांच्या गोष्टी आहेत, वेग सोसवतो, घर-चिखल-आजीआजोबा एवढंच त्यातलं जग. त्यातल्या बाबाची सारखी टिंगल असते, तेवढी जावईबापूंनी मनाला लावून घेऊ नये. पण पेपाची एक हकीकत तुझ्या कामाची आहे. एका भागात पेपाचा बाबा सांगतो की कोळी लहान असतो, काही करत नाही, भ्यायचं कारण नाही. इंग्लंडमध्ये ठीक. ऑस्ट्रेलियात कोळी चावला तर माणूस दवाखान्यात जातो, म्हणून 2012 मध्ये तिथल्या सरकारी वाहिनीनं तो भागच काढून टाकला. आता आपल्याकडे ये. कार्टूनमधला कुत्रा गळ्यात पडतो, बोलतो, पोरांबरोबर पळतो. आपल्या गल्लीतली भटकी कुत्री रात्री कचऱ्याच्या डब्याशी भांडतात. तीन वर्षांचं पोर त्या कुत्र्याच्या गळ्यात हात घालायला गेलं तर चूक कार्टूनवाल्याची नाही, त्यानं आपली गल्ली पाहिलेली नाही. तुला सांगावं लागेल, टीव्हीतला कुत्रा वेगळा आणि आपल्या कोपऱ्यावरचा वेगळा, त्याला लांबूनच नमस्कार. पाण्याच्या बाबतीतही तेच. कार्टूनमध्ये बदकं पोहताना दाखवली म्हणून आपण मुळा-मुठेत पाय बुडवायचे नाहीत.

शिनचॅनवरून आयांची भांडणं होतात, तिथं मी एकच सांगते. ते मुळात मोठ्यांच्या जपानी मासिकात आलेलं चित्रकथेचं पात्र आहे. आपल्याकडे 2008 मध्ये त्यावर बंदी आली होती, पुढे काटछाट करून ते परत आलं. मोठ्यांनी मोठ्यांसाठी केलेला विनोद आहे तो, पोरांच्या ताटात चुकून आला. कार्टून दिसलं की लहानांचं, हा आपला समज. बाकी त्यात वाईट काही शोधत बसू नकोस, तिच्या वयाचं नाही म्हणून बाजूला ठेव.

छोटा भीमला मात्र मी शिव्या देणाऱ्यांतली नाही. 2008 पासून पोरं त्याच्यामागे वेडी आहेत, ती उगाच नाहीत. ढोलकपूर हे आपलं गाव वाटतं, टुनटुन मावशीचे लाडू आपल्या घरचे वाटतात, चुटकी, राजू, जग्गू ही आपल्या वाड्यातली पोरं वाटतात. पण मारामारीनं प्रश्न सुटतो, हे तीन-चार वर्षांच्या पोराला जसंच्या तसं कळतं. त्यामागचा दुष्टसुष्ट त्याला कळत नाही. त्याला बुक्का दिसतो. सहा-सात वर्षांची झाली की खुशाल बघू दे. आणि हिवाळ्यात डिंकाचे लाडू खपवायला भीमचा उपयोग करायला माझी हरकत नाही. मी तर करतेच.

भाषेबद्दल तुझी काळजी मला कळते. कालच ती मला म्हणाली, "मावशीआजी, मुझे पानी दो ना." डोरेमॉनची कृपा. रिमोटवर भाषा बदलायचं बटण असतं, काही वाहिन्यांवर मराठी मिळतं, आधी ते शोध. नसेल तर घाबरू नकोस. हिंदीत बघितलेलं, इंग्रजीत बघितलेलं, ते नंतर तिच्या तोंडून मराठीत ऐकून घ्यायचं, एवढी शिस्त पुरे. फक्त विचारायची रीत सांभाळ. "आज काय शिकलीस?" असं विचारलंस की ती गप्प होणार, परीक्षा कुणाला हवी? "मग त्या अस्वलाचं काय झालं?" असं विचार, आणि पुढे नुसतं "हं... मग?" म्हणत राहा. "मग?" ह्या एका शब्दावर मी बालवाडीत अख्खे तास काढले आहेत. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ ह्यांनी बोर्डीला, कोसबाडला जी बालवाडी उभी केली ती मुलांच्या बोलण्यावर आणि अंगणातल्या वस्तूंवरच. पडदा नव्हता तिथं. शंख, शिंपले, बिया होत्या.

बिया म्हटल्यावर आठवलं. शेजारच्या घरातला चार वर्षांचा पोरगा वस्तूंची जोडी लावायचा कुठलासा भाग बघून उठला. त्याची आई उसळीसाठी कडधान्य निवडत होती. मी तिला म्हटलं, त्याच्यापुढे ताट सरकव. मूग, मटकी आणि वाटाणे मुद्दाम कालवून दिले, आणि तीन वाट्या. तो आधी वाटाणे उचलायला लागला, मोठे असतात ना. मग हिरवे मूग. मटकीशी येऊन अडखळला, कारण तिचा रंग मातकट, काही दाणे फिके, काही गडद. दोन गडद दाणे बोटांत धरून बराच वेळ बघत बसला. मग एक फुटका वाटाणा मिळाला, अर्धा. तो वाटाण्यांच्या वाटीत टाकला, पुन्हा काढला, आणि उठून स्वयंपाकघरातून चौथी वाटी घेऊन आला. "हा तुटलेल्यांचा." त्यानंतर ताटात जेवढे तुटके होते ते सगळे, मुगाचे, मटकीचे, एकाच वाटीत गेले. कार्टूनमध्ये रंगानं जोड्या लावायला शिकवलं होतं, ह्यानं आपली वेगळीच जात शोधली. त्या भागाबद्दल माझं मत तेव्हा झालं, आधी नाही. म्हणून टीव्ही बंद झाल्यावरची पंधरा मिनिटं मोकळी ठेव, हाताशी काहीतरी ठेव. मटार सोलायला दे, चमचे पुसायला दे, मोज्यांच्या जोड्या लावायला दे. कपाट आवरायला काढलंस तर त्याहून बरं.

येरवड्यात राहून बाहेरच्या गोष्टींची काय कमी? विमानाचं कार्टून बघितलं की गच्चीवर जा, डोक्यावरून लोहगावला उतरणारं विमान हमखास येतं. चाकं उघडलेली दिसतात का ते तिला विचार. आकडे शिकवणारं काही बघितलं तर मेट्रोत बसव. रुबी हॉल, बंडगार्डन, येरवडा, कल्याणीनगर, रामवाडी. पाच बोटं, पाच स्टेशनं. परत येताना उलटी मोजायची. तारकेश्वराच्या देवळाच्या पायऱ्या मोजत चढवशील तर टीव्हीचं नावही निघायचं नाही, दम लागेल.

आता घरातली अवघड गोष्ट. तुझ्याकडे निदान दोन खोल्या आहेत. येरवड्यात झोपडपट्टीच्या जागीच 270 चौरस फुटांची पक्की घरं बांधून दिली, तिथं एकाच खोलीत आजीची मालिका, बाबांच्या बातम्या आणि पोराचा अभ्यास. मी त्या घरांतल्या आयांना कार्टूनबद्दल कमी आणि मोठ्यांच्या टीव्हीबद्दल जास्त सांगते. नुसता मागे चालू असलेला टीव्ही पोराच्या खेळात खंड पाडतो, आणि मोठी माणसं पोराशी बोलायची कमी होतात, हे अभ्यासांतही दिसलं आहे. तासभर चांगलं कार्टून दाखवून उरलेली संध्याकाळ सासू-सुनेचे कट ऐकवले, तर कार्टूनचं सर्टिफिकेट काय कामाचं? पण सासूबाईंच्या हातातून रिमोट काढून घेऊ नकोस, महाभारत होईल. त्यांना कामाला लाव. "आई, हिला काऊचिऊची गोष्ट तुमच्यासारखी कुणाला येत नाही," असं म्हण आणि मालिकेच्या वेळेआधी अर्धा तास पोर त्यांच्या मांडीवर दे. मालिका त्या नंतर मोबाईलवर बघतील, कान तिखट आहेत त्यांचे.

दाखवायचं तर टीव्हीवर दाखव. टीव्ही लांब असतो, चौघांचा असतो, कुणीतरी "हे काय?" म्हणतं. मोबाईल नाकाला चिकटतो आणि एकटीचा होतो. शिवाय यूट्यूबवर एक गोष्ट संपली की दुसरी आपोआप सुरू होते, ते आधी बंद कर, सेटिंगमध्ये आहे. जावईबापूंना येतं, त्यांनाच सांग. जेवताना काही नाही. घास कुठला गेला हे पोराला कळलं पाहिजे.

बंद करायची वेळ आली की "अजून पाच मिनिटं" म्हणू नकोस. पाच मिनिटं म्हणजे काय हे तिला अजून कळत नाही, आणि तू फोनवर असलीस की तुलाही कळत नाही. "ही गोष्ट संपली की बंद," असं गोष्ट सुरू व्हायच्या आधी सांग. संपल्यावर बटण तिनंच दाबायचं. पहिले काही दिवस ती आकांत करेल, शेजारी डोकावतील. डोकावू देत. तू आवाज न चढवता पुन्हा तेच सांगायचं, आणि मधूनच "बरं बाई, एक अजून" म्हणून हार मानायची नाही. एकदा मानलीस की दुसऱ्या दिवशी आकांत दुप्पट.

आयांच्या ग्रुपवर कुणी एखाद्या कार्टूनचं गुणगान केलं, तर तिला उलट विचार: तुझं पोर केवढं आहे? बघताना जवळ कोण असतं? आणि बंद केल्यावर काय करतं? तिसऱ्या प्रश्नाला "लगेच पुढचं मागतं" असं उत्तर आलं तर तू काय ते समज. "त्यातलं खेळत बसतं" असं आलं तर नाव लिहून घे. आणि तिच्या पोराला आवडलेलं तुझ्या पोरीला नाही आवडलं, तर ग्रुपवर वाद घालत बसू नकोस.

राहता राहिला आजारपणाचा प्रश्न. ताप असेल, गोवर-कांजिण्या असतील, तू स्वतः रात्रभर जागी असशील, त्या दिवशी हे सगळं गुंडाळून ठेव. लाव काय लावायचं ते, पेज भरव, तिच्या शेजारी आडवी हो. ताप उतरला की दुसऱ्या दिवशीपासून पुन्हा एक तास, आणि पहिल्या दिवशी ती भांडेल तेव्हा मला फोन कर, मी तिला नेऊन विमानं दाखवते.